उंची पाट्यातून की शॅकलमधून? घरच्या खळ्यावर उंच केलेल्या एका जिप्सीचं प्रकरण

गाडी २००७ सालची मारुती जिप्सी किंग. १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन, वर कापडी हूड, चारही चाकांना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मालक शाहूवाडी तालुक्यातला शेतकरी, माझा जुना मित्र. त्याच्या रानाची वाट म्हणजे जांभ्याचा चढ, मधे ओढा, आणि पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत चिखल. ही गाडी त्यानं सेकंडहँड घेतली, तेव्हा आधीच्या मालकानं ती उंच करून ठेवलेली होती. दिसायला रुबाबदार. पण चालवायला बसलं की जीव मुठीत.

तक्रारी तीन होत्या. डांबरी रस्त्यावर गाडी सरळ जात नव्हती. स्टेअरिंग सतत डावं-उजवं सांभाळावं लागे आणि वळणानंतर ते आपणहून मध्यावर येत नसे. ताशी पन्नास ते साठच्या दरम्यान बुडाखालून थरथर यायची, ॲक्सिलरेटर सोडला की जास्तच. आणि ओढ्यात पूर्ण वळवून बाहेर काढताना पुढचे टायर मडगार्डच्या मागच्या कडेला घासायचे. गावातल्या मेकॅनिकनं स्टेअरिंग बॉक्स बदलायला सांगितला होता. मित्राचं म्हणणं होतं, बॉक्स तर घेऊच, पण लगे हात गाडी आणखी दोन इंच वर घेऊ.

मी म्हटलं, आधी मोजू.

मोजमाप

घरासमोर सिमेंटचं खळं आहे. ते समपातळीत आहे का, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं पाहिलं आणि चारही चाकं एका पातळीत येतील अशा जागी गाडी उभी केली. गाडीची उंची जमिनीपासून मोजून उपयोग नसतो, कारण त्यात टायरचा आकार आणि हवा मिसळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजायचं. शेजारच्या गावात एक न छेडलेली जिप्सी होती. तिचीही हीच मापं घेतली. आमची गाडी तिच्यापेक्षा पंचवीस-तीस मिलिमीटर उंच निघाली. दिसायला मात्र ती चार इंच उंच वाटत होती. बाकीचा सगळा भास टायरांचा.

टायर होते २३५/७५ आर १५. कंपनीचे यायचे २०५/७० आर १५. मूळ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर भरतो, या टायरचा साधारण ७३३. व्यासातल्या फरकाचं निम्मं, म्हणजे जवळपास ३३ मिलिमीटर, डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या) खाली मिळतं. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण लिफ्ट करणारे, म्हणजे गाडी उंच करणारे, अनेक जण इथेच फसतात. सरळ ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असलेल्या, गाडीत पाटे कितीही उंच करा, डिफरन्शियल जमिनीपासून होतं तिथेच राहतं. त्याला वर उचलतो फक्त टायर. सस्पेन्शन लिफ्टनं चेसी आणि बॉडी वर जाते, समोरून चढायचा आणि मागून उतरायचा कोन सुधारतो, मोठ्या टायरला वळायला आणि वरखाली व्हायला जागा मिळते. दगडावर डिफरन्शियल आपटत असेल, तर त्यावर पाटे हा उपाय नाही.

मग गाडीखाली गेलो. चारही शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या, लांब घातलेल्या होत्या. जाड पट्टी कापून, भोकं पाडून, कंपनीच्या मापापेक्षा साधारण ५० मिलिमीटर लांब. पाटे जुनेच, सपाट झालेले, पाट्याच्या टोकांच्या गोल डोळ्यांत बसणाऱ्या बुशांचं रबर बाहेर आलेलं.

दोष कुठे होता

शॅकल लांब करणं हा सगळ्यात स्वस्त लिफ्ट. चार शॅकल काढा, चार घाला, संध्याकाळपर्यंत गाडी उंच. पण शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं मागचं टोक चेसीला पिनेनं पक्कं असतं आणि शॅकल पुढच्या टोकाला, बंपरच्या मागे. शॅकल ५० मिलिमीटरनं वाढवली की पाट्याचं पुढचं टोक तेवढं खाली जातं, मागचं जागच्या जागी. मधोमध असलेल्या ॲक्सलला उंची मिळते निम्मी, म्हणजे पंचवीस. आणि पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर ॲक्सलही पुढे कलतो.

या कलण्याचा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत पाटा साधारण ९० सेंटिमीटर, त्यात एक टोक ५ सेंटिमीटर खाली. कोन आला तीन अंशांच्या थोडा वर. अशा गाडीला सरळ धावायला पुढच्या चाकाची किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती पीन, वरच्या टोकाला किंचित मागे कललेली लागते. हा कास्टर साधारण तीन-साडेतीन अंशांचा असतो. त्यातले तीन शॅकलनं खाल्ले. कोल्हापुरात अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी लावली तेव्हा दोन्ही बाजूंना कास्टर अर्ध्या अंशाच्या आसपास निघाला. स्टेअरिंग मध्यावर परत येत नव्हतं ते यामुळे. स्टेअरिंग बॉक्स ठणठणीत होता.

मागे हेच उलट्या दिशेनं झालं होतं. मागच्या पाट्याचं पुढचं टोक पक्कं, शॅकल मागे. मागचं टोक खाली गेलं आणि डिफरन्शियलचं नाक वर उचललं गेलं. डिफरन्शियलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, असतात. कोनात फिरणारा एकटा क्रॉस शाफ्टला एका फेरीत दोनदा वेगानं आणि दोनदा हळू फिरवतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा चढउतार तो पुसून टाकतो. म्हणून ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची तबकडी, आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर असावे लागतात. सुताराकडचा चुंबकाचा डिजिटल कोनमापक दोन्ही फ्लँजना लावून पाहिला. फरक तीन अंशांहून जास्त. थरथर तिथून येत होती.

म्हणजे दोन तक्रारींचं मूळ एकच. उंची चुकीच्या जागेतून घेतली होती. हीच उंची पाट्याच्या कमानीतून घेतली, तर पाट्याची दोन्ही टोकं सारखीच खाली येतात, ॲक्सल कलत नाही आणि कास्टर व फ्लँजचा कोन जवळपास कंपनीनं दिले तसे राहतात. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते एवढंच: किती इंच, हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न, ते इंच कुठून आले.

पाचर घालून कास्टर परत आणता येतो. पुढे पाटा आणि ॲक्सल यांच्यात जाड बाजू पुढे करून तीन अंशांची पाचर दिली की किंगपिन पुन्हा मागे जाते. पण पुढच्या डिफरन्शियलचं तोंड मागच्या बाजूला असतं. ते पाचरीनं खाली झुकतं आणि शाफ्टच्या खालच्या क्रॉसला जास्त कोनात फिरावं लागतं. शिवाय लांब शॅकलचं बाजूला डुलणं तसंच राहतं. आधीच्या चुकीला ठिगळ लावण्यापेक्षा ती काढलेली बरी, असं माझं मत पडलं आणि मित्रानं ते मानलं. पाटा ॲक्सलच्या वर बसवण्याचाही मार्ग आहे. त्यात जवळपास पाच इंच मिळतात, पण ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टेअरिंगची जोडणी बदलावी लागते. ते खळ्यावर करायचं काम नाही.

कायदा आणि विमा

हे लिहायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मित्रानं कामाआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा केली आणि मूळ मापाचे सगळे सुटे भाग घरात जपून ठेवले. ‘सगळेच करतात’ यावर विसंबून कुणी हे काम काढू नये. अपघात झाला की पहिला प्रश्न याचाच निघतो, आणि तेव्हा समोर कुणाचं तरी माणूस जखमी असतं.

सामान

जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देणारे कारागीर आहेत. थंड लोखंडावर ठोकून दिलेली कमान मात्र थोड्याच दिवसांत बसते. टिकाऊ काम म्हणजे पाटा तापवून आकार देणं, तेलात विझवणं आणि पुन्हा ठराविक उष्णतेला आणून त्याचा कडकपणा कमी करणं. इथे मेन पाट्याच्या डोळ्याजवळ बारीक तडा दिसला, तेव्हा जुन्याचा विषयच संपला. ईएन ४५ या सिलिकॉन-मँगनीज पोलादाचे नवीन पाटे, मूळपेक्षा ५० मिलिमीटर जास्त उंचीचे, बनवून घेतले. शॅकल कंपनीच्या मापाच्या. बुश नवीन, त्यांच्या आतल्या नळ्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवीन. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो. जुना परत वापरण्यात कसलीच बचत नाही.

टायर २१५/७५ आर १५ घेतले. व्यास साधारण ७०३, म्हणजे डिफरन्शियलखाली मूळपेक्षा १८ मिलिमीटर जास्त. २३५ चे टायर मित्राला आवडत होते, पण ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला ते ओढताना दम लागतो, आणि जड चाक थांबवायला ब्रेकही जास्त लागतो. स्पीडोमीटरची चूकही दहा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली: काटा साठवर असेल तर गाडी त्रेसष्टनं चाललेली असते.

खळ्यावरचं काम

गंज सोडवणारं तेल आधीपासूनच रोज रात्री सगळ्या बोल्टांना देत होतो. कामाच्या दिवशी बॅटरीची वायर काढली, पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले आणि मागून सुरुवात केली. गाडी जॅकवर सोडून खाली जायचं नाही. चेसीखाली दोन घोड्या (जॅक स्टँड), त्यांच्या पायांखाली जाड फळ्या, आणि ॲक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक. गाडी घोड्यांवर बसली की कडेला उभं राहून जोरात हलवून पाहायची. हलली तर पुन्हा उतरवायची. मित्राचा चुलतभाऊ घाई करत होता, “चल की रं, दगडावर ठेवू.” जांभ्याचा दगड दाबाखाली अचानक फुटतो. गाडीखाली दगड किंवा विटा लावायच्या नाहीत, यावर चर्चा नको.

मागच्या यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झाले होते. मागे पेट्रोलची टाकी, म्हणून तिथे ग्राइंडर लावला नाही; लांब पान्याला पाइप घालून एकेक नट तोडला. एका वेळी एकच बाजू सोडली. दोन्ही बाजूंचे पाटे एकदम काढले तर ॲक्सल जॅकवर गोल फिरतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. दुसरी बाजू बांधलेली असली की तो जागेवर राहतो. पाट्यांच्या गठ्ठ्याचा सेंटर बोल्ट क्लॅम्प लावल्याशिवाय कधीही सोडायचा नाही. ताणलेले पाटे उघडताना बोटं सापडतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पुढच्या पाट्याच्या मागच्या पिनेनं. पीन बुशातल्या नळीला गंजानं चिकटलेली, नट सुटला तरी पीन हलेना. घणानं मारली असती तर चेसीचा कान वाकला असता. शेवटी रबर करवतीनं कापून पाटा बाहेर काढला, आणि मग मोकळ्या नळीला पाइप पान्यात धरून गोल फिरवत पीन सोडवली.

नवीन पाटा चढवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. गठ्ठ्याच्या वर सेंटर बोल्टचं गोल डोकं असतं, ते ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. नव्या पाट्याला कमान जास्त असल्यामुळे त्याची लांबी किंचित कमी भरते आणि डोकं भोकाच्या कडेवर अडतं. तसंच यू-बोल्ट आवळले तर सगळं नीट बसल्यासारखं दिसतं, पण डोकं चेपलं किंवा तुटलं जातं आणि पुढे कधीतरी ब्रेक मारल्यावर ॲक्सल सरकतो. आम्ही ॲक्सलला ताणपट्टा लावून तो हळूहळू ओढला, डोकं भोकात बसल्याचा टक्क आवाज ऐकला, टॉर्च घेऊन खालून पाहिलं, आणि मगच नट लावले. यू-बोल्टचे चार नट तिरक्या क्रमानं, थोडे थोडे, दोन्ही पायांचे आटे सारखे बाहेर राहतील असे आवळले. शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनं.

डोळ्यांतले आणि शॅकलचे बोल्ट मात्र तेव्हा घट्ट केले नाहीत. रबरी बुशाची आतली नळी बोल्टनं चेसीला पकडली जाते, आणि चाक वरखाली होताना फक्त रबर पिळतं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट हातानं लावले, गाडी चाकांवर उतरवली, चारही कोपरे दाबून हलवले आणि मगच आवळले. ‘नवीन बुश महिन्यात गेले’ अशी तक्रार ऐकली की मला पहिल्यांदा याचीच शंका येते.

चाक लोंबकळत सोडल्यावर

पाटे बसले म्हणजे निम्मं काम झालं. आता ॲक्सल जॅकवरून हळूहळू पूर्ण खाली सोडला आणि ताणल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हात लावून पाहिलं: ब्रेकचे रबरी पाइप, हँडब्रेकची केबल, डिफरन्शियलची हवेची नळी, प्रोपेलर शाफ्टचा सरकता भाग. पुढच्या ब्रेकच्या पाइपांत स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवूनही ढील होती. मागचा पाइप तारेसारखा ताठ झाला. लांबचा खड्डा लागून मागचं चाक पूर्ण खाली गेलं असतं, तर तिथेच तुटला असता. वरचा ब्रॅकेट ४० मिलिमीटर खाली आणला. लोखंडी नळीला थोडा बाक दिला, जोड उघडावा लागला नाही.

शॉक ॲब्सॉर्बर मूळ लांबीचे ठेवले असते, तर चाक खाली जाताना पाट्याआधी शॉकच ताणून थांबला असता आणि त्याचे कान तुटले असते. नवीन शॉक घेताना दोन मापं काढली. चाक पूर्ण खाली असताना दोन्ही कानांतलं अंतर. आणि उभ्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत (वर येणाऱ्या ॲक्सलला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) उरलेली जागा त्या वेळच्या शॉकच्या लांबीतून वजा करून दाबलेली लांबी. दोन्ही टोकांना वीस-पंचवीस मिलिमीटर शिल्लक राहील असेच शॉक घेतले. ज्या गाडीत मागच्या ब्रेकला ॲक्सलशी जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल, तिथे त्याचा दांडाही जुळवायला लागतो. नाहीतर उंच झालेल्या गाडीला तो रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो.

निकाल

गाडी खाली उतरवल्यावर पुढे मूळपेक्षा ५४ मिलिमीटर जास्त उंची दिसली, पाटे थोडे दबल्यावर ती ४५ वर थांबली. ड्रायव्हरची बाजू किंचित खाली आहे. एकट्यानं चालवल्या जाणाऱ्या गाडीत तेवढं चालतं. ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) जुळवून स्टेअरिंग सरळ केलं, टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आत वळलेला किंचित कल, आधी दोरी आणि टेपनं घरी लावलं, मग मशीनवर पक्कं केलं. कास्टर दोन्ही बाजूंना तीन अंशांच्या थोडा वर. मागच्या दोन फ्लँजमधला फरक एका अंशाच्या आत. साठवरची थरथर गेली. वळणानंतर स्टेअरिंग हातातून आपणहून मध्यावर येतं. ओढ्यात पूर्ण वळवूनही टायर घासत नाही.

सगळं सुटलं असं नाही. ड्रॅग लिंक आता पूर्वीपेक्षा तिरकी आहे, त्यामुळे एकच पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंगला हलका झटका बसतो. ४५ मिलिमीटरच्या लिफ्टला एवढं सोसवतं. याहून वर गेलं असतं तर स्टेअरिंगची जोडणी बदलावी लागली असती, म्हणून मित्राचे ‘आणखी दोन इंच’ मी होऊ दिले नाहीत. आणि घरातल्या आबांना आता गाडीत चढताना पाय उचलत नाही. त्यांच्यासाठी दाराखाली पाइपची पायरी केली, चेसीला वेल्ड न करता बोल्टनं बसवलेली, दगडावर आपटलीच तर काढता येईल अशी.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासले. मागच्या उजव्या बाजूचे नट पाव फेरा फिरले. पाचशेनंतर एकही हलला नाही. आता मृगाआधी पुन्हा एकदा पाहायचे आहेत, मागच्या ब्रेकच्या पाइपासकट.